लिनक्स सर्व्हरवर रेड स्टोरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या पतसंस्था, शाळा, छापखाने, ग्रंथालयं आणि उद्यमबागेतली वर्कशॉप्स यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं डेबियन आणि उबंटूची आहेत. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करायची.

१. रेड म्हणजे काय? त्यापेक्षा एकच मोठी, चांगली डिस्क घेतली तर?

रेड म्हणजे दोन किंवा अधिक डिस्क अशा जोडायच्या की सर्व्हरला त्या एकच डिस्क वाटाव्यात आणि त्यातली एक बंद पडली तरी काम थांबू नये. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ही कल्पना शोधनिबंधात मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, आणि डिस्क वाढल्या की बिघाडाची शक्यताही वाढते म्हणून त्यात जादा माहिती साठवावी, हा त्यांचा मुद्दा. डिस्क कितीही चांगली घेतली तरी ती कधीतरी जाणारच. ती महिनाअखेरीला, हिशेबाच्या ऐन गडबडीत गेली तर कार्यालय बंद ठेवायचं की नाही, एवढंच रेड ठरवतं.

२. लेव्हल ०, १, ५, ६, १० यातली आम्ही कुठली घ्यावी?

चार टीबीच्या डिस्क धरून बघू. लेव्हल १ म्हणजे मिरर: दोन डिस्कवर तीच माहिती, जागा ४ टीबी, एक डिस्क गेली तरी चालतं. लेव्हल ५ ला किमान तीन डिस्क लागतात. तिघींत ८ टीबी जागा मिळते आणि एक जाऊ शकते. लेव्हल ६ ला किमान चार. जागा ८ टीबी आणि कुठल्याही दोन जाऊ शकतात. लेव्हल १० मध्येही चार डिस्कना ८ टीबीच मिळतात, वेग जास्त, पण दुसरी डिस्क कुठली जाते यावर सगळं अवलंबून. लेव्हल ० मध्ये एक डिस्क गेली की सगळं गेलं. सर्व्हरवर ती घेऊच नका.

छोट्या कार्यालयाला आमचा सल्ला एकच: दोन डिस्कचा मिरर. समजायला सोपा, दुरुस्तीला सोपा, आणि उरलेली एक डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावूनही वाचता येते. चार डिस्कची गरज असेल तर लेव्हल ६ किंवा १०.

मोठ्या डिस्कवर लेव्हल ५ टाळावी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा दहाचा चौदावा घात इतके बिट वाचताना एक न वाचता येणारी चूक, अशी मर्यादा छापलेली असते. म्हणजे साधारण १२.५ टीबी वाचनामागे एक. प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा याहून चांगल्या चालतात. पण एक डिस्क गेल्यावर बाकीच्या सगळ्या अथपासून इतिपर्यंत वाचूनच नवी भरावी लागते आणि त्या वेळी चूक सावरायला जादा प्रत उरलेली नसते.

३. रेड आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण रेड फक्त डिस्कच्या बिघाडावर उपाय आहे. कुणी चुकून टॅलीचं फोल्डर उडवलं तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. नेटवर्कवरच्या एखाद्या विंडोज मशीनमधून रॅन्समवेअरनं शेअर फोल्डर कुलूपबंद केलं तर मिररची दुसरी बाजूही कुलूपबंदच होते. चोरी, आग, पाणी यांचं तर बोलायलाच नको.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळा. दुसरं गाव निवडताना नदीचा विचार करा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला होता आणि आपल्या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांनाही त्याच दिवसांत पाण्यानं वेढलं होतं. मूळ सर्व्हर निपाणीत आणि बॅकअप कोल्हापुरात तळमजल्यावर, अशी मांडणी त्या आठवड्यात काहीच कामाची नव्हती. बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर आणि रोज सर्व्हरला जोडलेली राहणार नाही अशी ठेवा.

४. मदरबोर्डच्या बायोसमध्येच रेडचा पर्याय आहे. तो चालू करू की वेगळं कार्ड घेऊ?

दोन्ही नको. बायोसमधला रेड हा बहुधा सॉफ्टवेअरच असतो, फक्त त्या मदरबोर्डच्या पद्धतीला बांधलेला. तो बंद करून साटा कंट्रोलर एएचसीआय मोडवर ठेवा आणि लिनक्सचा एमडी (लिनक्समध्येच असलेला सॉफ्टवेअर रेड) वापरा. तो चालवण्याचं साधन म्हणजे एमडीएडीएम.

बॅटरीवाल्या कॅशचं खरं हार्डवेअर कार्ड चांगलं असतं, पण ते जळालं की त्याच घराण्यातलं कार्ड शोधत बेंगळुरूचा एस. पी. रोड पालथा घालावा लागतो. एमडीची ॲरे (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच) कुठल्याही लिनक्स मशीनमध्ये डिस्क लावल्या की उठते. सीमाभागात सुटे भाग यायला दोन-चार दिवस लागतात हे धरलं तर हाच गुण सगळ्यांत मोठा.

५. डिस्क विकत घेताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी, हीच हवी) की एसएमआर. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. सलग मोठं लेखन सुरू झालं की तिचा वेग एकदम कोसळतो, आणि रेड पुन्हा भरणं म्हणजे सलग मोठं लेखनच. दुकानदाराच्या शब्दावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा. एकाच नावाच्या मालिकेत दोन्ही प्रकार असू शकतात.

दुसरी गोष्ट, चूक सोडून देण्याची वेळ. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला दोन-दोन मिनिटं झगडते. लिनक्स कर्नल मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबतो आणि मग डिस्कचा संपर्कच नव्यानं जोडू पाहतो. यात चांगली डिस्कही ॲरेतून बाहेर फेकली जाते. नास किंवा सर्व्हर वर्गातल्या डिस्क साधारण सात सेकंदांत चूक कळवून मोकळ्या होतात. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी’ या कमांडनं डिस्कला ही सोय आहे का ते कळतं. असेल तर ७०,७० (म्हणजे ७ सेकंद) द्या. नसेल तर ‘/सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट’ या फाइलीत १८० लिहा. बऱ्याच डिस्क पहिलं सेटिंग वीज गेली की विसरतात आणि दुसरं रीबूटला पुसलं जातं, म्हणून दोन्ही बूट स्क्रिप्टमध्ये घाला.

दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या, लागोपाठ सीरियल क्रमांकाच्या घेऊ नका. एकाच बॅचमधला दोष दोघींत एकाच सुमारास उगवू शकतो.

६. दोन डिस्कचा मिरर पायरीपायरीनं कसा करायचा?

आधी कुठली डिस्क कुठली ते पक्कं करा. ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सीरियल’ ही कमांड चालवा आणि सीरियल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मार्करनं कॅबिनेटमध्ये डिस्कच्या दिसणाऱ्या बाजूला लिहा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, सीरियल क्रमांक नाही. सगळ्या कामातली ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची आहेत. का, ते प्रश्न १० मध्ये.

दोन्ही डिस्कवर जीपीटी पार्टिशन टेबल करा. जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीआयबीच्या (साधारण २.२ टीबीच्या) पुढे जात नाही. प्रत्येकीवर एकच पार्टिशन, प्रकार ‘लिनक्स रेड’ (एसजीडिस्कमध्ये एफडी००), आणि शेवटची १०० ते २०० एमबी मोकळी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘४ टीबी’ डिस्क तंतोतंत सारख्या नसतात. उद्या आणलेली डिस्क थोडीशी लहान निघाली तर ती ॲरेत बसणारच नाही.

मग ॲरे:

एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हायसेस=२ /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीसी१

यावर मेटाडेटा सुरुवातीला आहे, बूटसाठी चालेलच असं नाही, असा इशारा येतो. डेटाच्या ॲरेला ‘येस’ म्हणून पुढे जा.

फाइल सिस्टीम करताना ‘एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम १’ वापरा. ईएक्सटी४ मूळ सेटिंगप्रमाणे रूटसाठी पाच टक्के जागा राखून ठेवते. ४ टीबीवर ती २०० जीबी होते आणि डेटाच्या पार्टिशनवर ती फुकट जाते.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. ‘एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन’चा निकाल ‘/ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ’ या फाइलीच्या शेवटी जोडायचा. पुढे सुडो लावून दोन बाणांनी (>>) जोडायला गेलात तर परवानगी नाकारली जाते, कारण बाण तुमचा शेल चालवतो, सुडो नव्हे; त्यासाठी ‘सुडो टी -ए’ वापरा. त्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. एफस्टॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या फाइल सिस्टीमच्या यादीत) एमडी० न लिहिता फाइल सिस्टीमचा यूयूआयडी लिहा आणि पर्यायांत ‘नोफेल’ घाला, म्हणजे ॲरे उठली नाही तरी सर्व्हर चालू होईल आणि तुम्हाला घरून लॉगिन करता येईल.

७. सिंक संपेपर्यंत थांबायला हवं का? किती वेळ लागतो?

थांबायची गरज नाही, ॲरे लगेच वापरता येते. फक्त सिंक (दोन्ही डिस्क सारख्या करण्याचं काम) पूर्ण होईतो दुसऱ्या डिस्कचं संरक्षण नाही. ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंदानं साडेसात तासांच्या आसपास घेते. ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ केलं की टक्के आणि उरलेली मिनिटं दिसतात. सर्व्हरवर काम चालू असेल तर एमडी आपला वेग कमी करतो. खालची मर्यादा मुळात १००० केबी प्रतिसेकंद एवढीच असते. घाई असेल तर ‘/प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मिन’ मध्ये ५०००० लिहा, आणि हे संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर करा.

८. ऑपरेटिंग सिस्टीमही मिररवर टाकली, पण पहिली डिस्क काढून बघितली तर सर्व्हर बूटच होत नाही.

बूट होण्याचा पहिला टप्पा रेडच्या बाहेर घडतो. यूईएफआय फर्मवेअरला एमडी कळत नाही. त्याला साधं फॅट पार्टिशन लागतं. म्हणून दोन्ही डिस्कवर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन करा, पहिल्यातला मजकूर दुसऱ्यात कॉपी करा, ‘ईएफआयबूटएमजीआर’नं दुसऱ्या डिस्कचीही बूट नोंद घाला, आणि ग्रबमध्ये (बूटलोडरमध्ये) बदल झाला की कॉपी पुन्हा करा. एफस्टॅबमध्ये ईएफआय पार्टिशनलाही ‘नोफेल’ हवं. जुन्या बायोस पद्धतीत दोन्ही डिस्कवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ करायचं. जीपीटी असेल तर त्यासाठी १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. डिस्क काढून बघण्याची चाचणी तुम्ही केलीत हे फार बरं केलं. डेटा टाकण्याआधी प्रत्येकानं ती एकदा करावी.

९. डिस्क गेली हे आम्हाला कळणार कसं? सर्व्हर तर व्यवस्थित चालू दिसतो.

रेडचा खरा धोका हाच. एक डिस्क जाते, काम सुरळीत चालतं, कुणाला पत्ता लागत नाही, आणि काही महिन्यांनी दुसरी जाते. ज्या ॲरेकडून ईमेल येत नाही तिच्यावर भरवसा ठेवू नका.

एमडीएडीएम.कॉन्फमध्ये ‘मेलॲड्र’ या ओळीत एकच पत्ता चालतो, म्हणून तिथे असा पत्ता द्या की त्यावरचा मेल संस्था आणि तंत्रज्ञ या दोघांनाही जाईल. मेल बाहेर पाठवायला ‘एमएसएमटीपी’ पुरतं. जीमेल वापरत असाल तर दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा चालत नाही. मग ‘एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट’ चालवा आणि मेल प्रत्यक्ष मोबाइलवर आलेला डोळ्यांनी बघा.

सोबत ‘स्मार्टडी’ही (डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी सेवा) चालू ठेवा. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या नोंदी वाढू लागल्या तर डिस्क बदलायची वेळ आली. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलमध्ये असतो. डिस्क फेकण्याआधी केबल बदला.

१०. डिस्क खराब झाल्याचा मेल आला. आता काय करायचं?

सर्वांत आधी बॅकअप ताजा करा. नंतर ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ बघा. दोन्ही डिस्क ठीक असतील तर [यूयू] दिसतं, एक गेली असेल तर [यू_] किंवा [_यू].

खराब पार्टिशन एसडीबी१ असेल तर ‘एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --फेल /डेव्ह/एसडीबी१’ आणि मग ‘--रिमूव्ह’. डिस्क यंत्रणेतून पूर्णच नाहीशी झाली असेल तर ‘--रिमूव्ह डिटॅच्ड’. यानंतर सर्व्हर बंद करा, सीरियल क्रमांक जुळवून डिस्क काढा. घाईत चांगली डिस्क बाहेर काढणं ही या कामातली नेहमीची चूक. मार्करनं लिहिलेले चार आकडे इथे उपयोगी पडतात.

नव्या डिस्कवर पार्टिशनची नक्कल करायची कमांड नीट वाचून टाइप करा: ‘एसजीडिस्क -आर नवी जुनी’ (‘आर’ कॅपिटल). नवी डिस्क आधी, चांगली जुनी नंतर. क्रम उलटा झाला तर रिकामं टेबल चांगल्या डिस्कवर चढतं. मग ‘एसजीडिस्क -जी नवी’ (‘जी’ही कॅपिटल), म्हणजे दोन्ही डिस्कची ओळख सारखी राहत नाही. शेवटी ‘एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड’ आणि नव्या पार्टिशनचं नाव. बूटची डिस्क असेल तर प्रश्न ८ मधलं कामही पुन्हा करा.

डिस्क अजून चालू आहे पण आजारी आहे, अशी स्थिती असेल आणि कॅबिनेटमध्ये तिसरी जागा असेल तर ‘--फेल’ करू नका. नवी डिस्क ‘--ॲड’ करून ‘--रिप्लेस’ ही सोय वापरा. नवी भरेपर्यंत जुनी ॲरेतच राहते आणि संरक्षण एक क्षणही सुटत नाही.

११. आमच्याकडे लाईट वारंवार जाते. रेडला काही होतं का?

मिरर तगतो. एमडी कुठला भाग लिहायचा राहिला याची नोंद बिटमॅपमध्ये ठेवतो. १०० जीबीपेक्षा मोठ्या ॲरेला एमडीएडीएम ती आपोआप लावतो. त्यामुळे लाईट आल्यावर सगळी डिस्क न तपासता तेवढेच भाग जुळवले जातात. लेव्हल ५ आणि ६ मध्ये धोका जास्त: डेटा लिहिला पण पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा काढायला लागणारी जादा माहिती) लिहायची राहिली, आणि त्यातच एक डिस्क नाही, तर एमडी ॲरे सुरू करायलाच नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

म्हणून यूपीएस हवाच. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडवर बॅटरीवर जाताना लागणारा वेळ एसएमपीएसला (सर्व्हरच्या पॉवर सप्लायला) झेपेलच असं नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, म्हणजे बॅटरी उतरली की सर्व्हर आपणहून नीट बंद होईल. वळवाच्या दिवसांत, विजा चमकत असताना, हे काम माणसाच्या आठवणीवर सोडून चालत नाही. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

१२. सर्व्हर ठेवायचा कुठे?

भिंतीला टेकवून नको, जमिनीवर नको. खानापूर भागात पावसाळाभर भिंती ओल्या असतात. उद्यमबागेत फाउंड्रीजवळ असाल तर लोखंडाची बारीक धूळ वीज वाहून नेते. तिथे पुढे जाळीचं फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या आणि फिल्टर महिन्याला झाडा. एप्रिल-मेमध्ये डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहतं का ते ‘स्मार्टसीटीएल’मध्ये बघत जा.

१३. रीबूट केल्यावर एमडी० ची एमडी१२७ झाली. डेटा गेला का?

नाही. बूटच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये ॲरेची नोंद नाही, किंवा सर्व्हरचं नाव बदललं आहे. प्रश्न ६ मधली कॉन्फ आणि इनिटरॅमएफएसची पायरी करा. कॉन्फमध्ये त्याच ॲरेच्या दोन ओळी झाल्या असतील तर जुनी पुसा.

१४. चार डिस्कमधल्या दोन एकदम गेल्या. लेव्हल ५ आहे. सगळं संपलं का?

बहुतेक वेळा नाही. दोन डिस्क एकाच मिनिटाला खरोखर मरणं दुर्मीळ. दोघींत सामाईक काय आहे ते शोधा. एकाच वायरीवरून दोन डिस्कना वीज देणारा स्प्लिटर, सैल साटा केबल, थकलेला एसएमपीएस, किंवा प्रश्न ५ मधली ३० सेकंदांची भानगड.

आधी काय करायचं नाही ते: ‘--क्रिएट’ पुन्हा चालवू नका, ‘एफएसचेक’ चालवू नका, डिस्क काढून ‘--ॲड’ करू नका. ‘एमडीएडीएम --एक्झॅमिन’नं प्रत्येक पार्टिशनची माहिती काढून कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत ठेवा. त्यातला ‘इव्हेंट्स’ हा आकडा बघा. सगळ्यांत मागे असलेली डिस्क आधी गेलेली असते. बाकीच्या तिघींचे आकडे जवळपास सारखे असतील तर आशा चांगली आहे.

वाचताना चुका देणारी डिस्क असेल तर तिची ‘डीडीरेस्क्यू’नं नव्या डिस्कवर प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मग ॲरे ‘--स्टॉप’ करून ‘--असेंबल --फोर्स’, त्यात ताज्या तीनच डिस्क द्या. उठली तर फक्त वाचनासाठी माउंट करून डेटा बाहेर काढा. चौथी डिस्क जोडण्याचं नंतर. पतसंस्थेच्या खात्यांसारखा डेटा असेल आणि इव्हेंट्सच्या आकड्यांत मोठं अंतर असेल तर इथेच थांबून डेटा रिकव्हरीवाल्यांना गाठा.

१५. एमडीऐवजी झेडएफएस किंवा बीटीआरएफएस घ्यावं का?

दोन प्रतींत फरक पडला तर खरी कुठली हे एमडीला ठरवता येत नाही. ‘रिपेअर’ म्हटलं तर तो मिररमधली पहिली प्रत दुसरीवर उतरवतो. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक भागाचा चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखणारा आकडा) ठेवतात, त्यामुळे खरी प्रत ओळखून खोटी दुरुस्त करतात. ग्रंथालयाची जुनी स्कॅन केलेली पानं, दस्तऐवज असं वर्षानुवर्षं न उघडता राहणारं साहित्य असेल तर झेडएफएस घ्या. पूल करताना ‘ॲशिफ्ट=१२’ द्यायला विसरू नका, नंतर बदलता येत नाही. रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून आहे. बीटीआरएफएसचा मिरर चालेल, पण त्याची लेव्हल ५ आणि ६ नको. बीटीआरएफएसच्या मिररमधली एक डिस्क नसेल तर ‘डिग्रेडेड’ पर्याय दिल्याशिवाय तो माउंट होत नाही, हेही लक्षात ठेवा.

१६. विंडोजवरून फाइली नव्या सर्व्हरवर टाकताना काही फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून अडतात. फक्त मराठी आणि कन्नड नावांच्याच. रेडचा दोष आहे का?

रेडचा नाही, फाइल सिस्टीमच्या मर्यादेचा. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांत नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोजची एनटीएफएस २५५ चिन्हं मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. ‘विद्यार्थी’ हा शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. एकूण ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की फाइल अडते. शाळांच्या दाखल्यांना विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, इयत्ता आणि वर्ष असं सगळं फाइलीच्या नावात घालायची पद्धत आहे, तिथे हे हमखास होतं. गाव, तालुका आणि वर्ष फोल्डरच्या नावांत न्या, फाइलीला विद्यार्थ्याचं नाव आणि रजिस्टर क्रमांक ठेवा. मर्यादा प्रत्येक नावाला वेगळी लागते, त्यामुळे फोल्डरचे बाइट फाइलीच्या नावात धरले जात नाहीत. विंडोजवरच नावं बदलून मग कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून बघितल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.